किती टक्के झालं?

१८ जानेवारी

आज माझ्या हातून आगाऊपणा झाला. लिहून ठेवल्याशिवाय चैन पडणार नाही.

रत्ना सकाळी बहिणीकडे विनोबानगरला गेली होती. तिच्या संगणकावर बरेच दिवस एक पाटी येत होती, अपडेट तयार आहे, आता करायचं की नंतर? ती दर वेळी 'नंतर' करायची. परवाच मला बजावलंही होतं, इतिहासाचे पाठ पाठवून होऊ देत, तोवर कशाला हात लावू नका. मी लावला. वाटलं, ती येईपर्यंत सगळं करून ठेवावं, तेवढाच आपला उपयोग.

बत्तीस टक्क्यांपर्यंत छान गेलं, मग अडकलं. बराच वेळ ढिम्म. नंतर पडद्यावर आलं की अपडेट होऊ शकलं नाही, केलेले बदल मागे घेत आहोत, बंद करू नका. मी बंद केलं नाही. शेवटी संगणक सुरू झाला, पण मुका होऊन. पडद्यावर सगळं दिसतंय आणि आवाज नाही. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर लाल फुली.

दुसऱ्या कुणाच्या घरी ही किरकोळ गोष्ट ठरली असती. माझ्या बायकोला, नागरत्नाला, बारा वर्षं झाली, दिसत नाही. काचबिंदूने डोळे गेले तेव्हा ती मुलींच्या हायस्कुलात कन्नड शिकवत होती. तिच्या संगणकातला प्रोग्राम पडद्यावरचं अक्षर न् अक्षर बोलून दाखवतो. त्या आवाजावरच ती वाचते, लिहिते, पत्रं पाठवते. बेंगळुरूच्या एका श्रवण ग्रंथालयासाठी दहावीची पुस्तकंही तपासते. कुणीतरी पुस्तक टंकून देतं, ही ऐकून चुका काढते, आणि मग ते दृष्टिहीन मुलांकडे जातं.

संध्याकाळी आली, हातपाय धुतले, खुर्चीत बसली, कळांवर बोटं ठेवली. थांबली. पुन्हा दाबून पाहिलं.

"अहो, वीज गेलीय का?"

मी सांगितलं काय झालं ते. ती रागावली नाही. "किती टक्के झालं होतं?" एवढंच विचारलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी

दिवसभर खटपट. जागा कमी पडत असेल म्हणून आमच्या लेकीच्या, मानसाच्या, लग्नाच्या व्हिडिओच्या जास्तीच्या प्रती पुसल्या. तारीख-वेळ तपासली. व्हायरस अडवणारा प्रोग्राम थोडा वेळ बंद ठेवला. मग संगणकातच दोष शोधणारी एक सोय असते ती चालवली. तिने दोष शोधला, सापडला म्हणाली, दुरुस्त केला म्हणाली, आणि पुढच्या खेपेला अपडेट पुन्हा बत्तीसवरच अडकलं.

रत्ना स्वयंपाकघरातून मधूनमधून विचारत होती, "किती टक्के?" मी आकडा सांगायचो. तिसऱ्या खेपेनंतर तिने विचारणं सोडलं. माझ्या खुर्चीच्या करकरीवरून तिला कळत असावं.

२१ जानेवारी

इतिहासाचे पाठ या आठवड्यात जायला हवेत. मुलांची सराव परीक्षा फेब्रुवारीत आहे. रत्ना ग्रंथालयाच्या विनुताला फोन करून मुदत मागणार होती. मी म्हटलं, कशाला? पडदा तर दिसतोय. मी वाचतो, तू ऐक, चूक सापडली की सांग, मी दुरुस्त करतो. ती जरा घुटमळली, मग म्हणाली, "बरं. पण सावकाश वाचा. लिहिलंय तसंच."

इंग्रजांविरुद्धच्या कित्तूरच्या बंडाचा पाठ वाचला. खुर्चीला खुर्ची लावून बसलो होतो. पुगी मंडळीच्या, म्हणजे आमच्या सुपारी संघाच्या नाटकांत मी दरवर्षी असायचो, त्यामुळे आवाज अजून शाबूत आहे. राणी दत्तकाचा हक्क मागते तिथे तर मी रंगातच आलो. ती हसली. म्हणाली, "पाठ्यपुस्तक आहे हो, नाटक नाही."

तिचे डोळे गेल्यापासून दहा वर्षं मीच तिला वाचून दाखवत होतो. रोज सकाळी पेपर, दुपारी कादंबरी. दोन वर्षांपूर्वी हा बोलका प्रोग्राम आला आणि आमचं वाचन आपसूक थांबलं. ठरवून थांबलं असं नाही. मी पेपर घेऊन गेलो की ती म्हणायची, हो, ऐकलं मघाशीच.

आज कॉफी प्यायला दोघं व्हरांड्यात बसलो. फार दिवसांनी.

२३ जानेवारी

हुबळीहून मानसाचा फोन. अम्माने तिला सांगितलं होतं वाटतं. तिने मला चार-दोन प्रश्न विचारले, पडद्यावरचा चूक दाखवणारा तो लांबलचक आकडा वाचायला लावला, मग म्हणाली, "अप्पा, मागे बाहेरची हार्ड डिस्क लावलेली आहे ना, अम्माच्या बोलक्या पुस्तकांची? कधी कधी तिच्यामुळे अडतं. ती काढा आणि मग अपडेट करा. आमच्या ऑफिसात परवा असंच झालं होतं."

मी म्हटलं, "काढून पाहिलं."

"काढून केलंत? तरी अडकलं?"

"हो."

"मग दुकानात न्यायला लागेल," ती म्हणाली.

मी काढून पाहिलेली नव्हती. असं का म्हणालो ते मला सांगता येत नाही. तिच्यासमोर अडाणी दिसू नये म्हणून असेल. फोन ठेवल्यावर करू, असं मनात होतंच. पण तेवढ्यात रत्नाने हाक मारली, अहो, येताय ना, चौथा पाठ राहिलाय. मग ते राहिलं.

२५ जानेवारी

डिस्क अजून काढलेली नाही. पाठ होईपर्यंत नकोच. मधेच आणखी काही बिघडलं तर पडदाही जायचा.

दुकानदाराला विचारून आलो. घेऊन या म्हणाला. संगणक जड आहे आणि ऑटोत हादरे बसतात. रत्नाला सांगितलं की तो सध्या फार गडबडीत आहे. तसा तो गडबडीत होताच म्हणा.

२७ जानेवारी

पाचही पाठ गेले. विनुताने फोनवर आभार मानले, मॅडम, संगणक बंद असून तुम्ही वेळेत दिलंत म्हणाली. रत्ना म्हणाली, माझ्या नवऱ्याने वाचलं. मी शेजारीच उभा होतो.

आता पेपर पुन्हा मी वाचतो. बाजारातून नवी कादंबरी आणली आहे. दुपारी अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, आमटी आणि तांदळाची अक्की रोटी झाली की तीस-चाळीस पानं होतात.

एक गोष्ट विचित्र वाटली. मी अंघोळीहून आलो तर रत्ना संगणकापुढे बसून टाइप करत होती. आवाज नसताना. काय लिहितेयस विचारलं तर म्हणाली, काही नाही, बोटं विसरतील म्हणून. पडद्यावर पाहिलं तर ओळीच्या ओळी होत्या, पण भलत्याच ठिकाणी, एका उघड्या रकान्यात सगळी अक्षरं गिचमिड होऊन पडलेली. मी ते पुसून टाकलं. तिला बोललो नाही.

३० जानेवारी

धारवाडच्या सुशीलाबाईंचं पत्र आलं होतं, संगणकावर. त्याही दृष्टिहीन आहेत. रत्नाची आणि त्यांची ओळख अशी पत्रांतूनच झाली. मी वाचायला बसलो. आधी तब्येत, पाऊसपाणी. मग बाईंनी लिहिलं होतं, गेल्या वेळी तू जे लिहिलंस ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते, आपण कुणावर ओझं आहोत असं...

"पुरे," रत्ना म्हणाली.

"अजून बरंच आहे."

"पुरे म्हटलं ना. डोकं दुखतंय."

मी पेनबाम आणून दिला. तिने तो लावला नाही. उत्तर लिहू का विचारलं, सांग, मी टाइप करतो, तर म्हणाली, राहू दे. हल्ली तिला लवकर थकवा येतो. डॉक्टरांना दाखवायला हवं.

२ फेब्रुवारी

सकाळी पेपर घेऊन गेलो. रत्ना खिडकीपाशी बसली होती. मी पहिली बातमी सुरू केली तशी तिने हाताने थांबवलं.

"मानसाला पुन्हा विचारलंत का?"

"विचारलं." हेही खोटं.

"काय म्हणाली?"

"बघू म्हणाली."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग मला नाही, खिडकीलाच सांगावं तसं म्हणाली, "तुम्ही फार करता माझ्यासाठी. पण अहो, मला कुणाला काय लिहायचंय ते सध्या माझ्याआधी तुम्हाला कळतं. मला कुणी काय लिहिलंय तेही. या घरात माझं असं काही राहिलंच नाही."

मी उठलो. आत गेलो, संगणकाच्या मागे हात घातला आणि डिस्कची तार उपटली. अपडेट सुरू केलं. बत्तीसवर आलं तेव्हा, देवाशपथ लिहितो, माझ्या मनात एक क्षण आलं की अडकू दे. म्हणजे तेवढ्या दिवसांत माझी काही चूक नव्हती असं तरी होईल.

अडकलं नाही. तेहतीस, चाळीस, साठ. थोड्या वेळाने संगणक बंद होऊन चालू झाला आणि त्या ओळखीच्या सपाट आवाजात बोलला.

रत्ना भिंतीला हात लावत आली. मी म्हटलं, आपोआप झालं बघ. ती खुर्चीत बसली, दोन-चार कळा दाबल्या, कानाला हेडफोन लावले. मग वळून म्हणाली, "दार ओढून घ्याल जाताना?"

आमच्या घरात ते दार पाहुणे आले तरच लावतात.

१८ फेब्रुवारी

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. पेपर मी माझा वाचतो.

आज दुपारी विनुताचा फोन आला. स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. भद्रावतीला चैत्रा म्हणून एक मुलगी आहे, दहावीतली, जन्मांध. सरकारी शाळेत बाकीच्या मुलांबरोबर शिकते. सराव परीक्षेत कित्तूरचं बंड १८४२ साली झालं असं तिने लिहिलं. शिक्षकांनी चूक दिली. ती वर्गात उभी राहून म्हणाली, माझ्या पुस्तकात १८४२च आहे, पुस्तक खोटं बोलेल का? शिक्षक म्हणाले, अगं, राणी त्याच्या आधीच गेली, मग बंड काय तिच्या भुताने केलं? सगळा वर्ग हसला. त्या पाठांत अशा आणखी चुका निघाल्या, आणि प्रत्येकीपायी चैत्रा वाद घालून बसली होती. आता शाळेत जायला नाही म्हणते. परीक्षा पुढच्या महिन्यात.

रत्नाने फोन ठेवला आणि तो पाठ उघडला. आवाजाने वाचलं, एक आठ चार दोन.

"मी काय ऐकत होते?" ती म्हणाली. "माझं लक्ष कुठं होतं?"

१९ फेब्रुवारी

रत्नाने विनुताला लिहून टाकलं की यापुढे तपासायचं काम नको. कानांवर भरवसा राहिला नाही, वय झालं. हे तिने मला दार उघडं ठेवून, मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, असं का करतेस, एखादी चूक कुणाकडूनही होते. ती म्हणाली, "त्या पोरीने पुस्तकासाठी भांडण घेतलं हो अंगावर. पुस्तकासाठी म्हणजे माझ्यासाठी."

ती देवळात गेल्यावर मी तो पाठ उघडला. पडद्यावर ती ओळ पाहिली. १८२४. अगदी स्पष्ट. क्षणभर हायसं वाटलं, चूक माझी नव्हे, मध्ये दुसऱ्या कुणाची. मग त्या आवाजाला वाचायला लावलं. एक आठ चार दोन. पुन्हा पाहिलं, बोट ठेवून. चार आधी, दोन नंतर.

मला ठाऊक असलेलं साल मी वाचत होतो. समोर लिहिलेलं नाही. त्या दिवशीही तेच केलं, आज पाहायचं म्हणून पाहिलं तरी तेच. बाकीचे पाठही तपासले. जिथे जिथे टंकणाऱ्याची चूक, तिथे तिथे मी सुधारून, सुरेल करून वाचलं होतं. तिच्या कानांपर्यंत चूक पोचलीच नाही. तिने सांगितलं होतं, लिहिलंय तसंच.

आणि तो आवाज त्या आठवड्यात चालू असता तर? २३ तारखेला मानसाने सांगितलं तेव्हा पाठ हातातच होते.

२० फेब्रुवारी

बोललो नाही. आज तिने दिवसभर संगणक चालू केला नाही. जेवताना म्हणाली, मीठ कमी पडलंय का हो, मला आता कशाचीच खात्री वाटत नाही. मीठ बरोबर होतं. मी बरोबर आहे म्हणालो, तरी तिने पुन्हा घातलं.

२२ फेब्रुवारी

सांगितलं.

आधी सालाचं सांगितलं. ते ऐकून ती चक्क हलकी झाली. म्हणाली, म्हणजे माझे कान ठीक आहेत, आणि माझा हातही धरला. म्हणाली, चुकलंच जरा, पण तुम्ही मदतच करत होतात. इथे थांबलो असतो तर सगळं मिटलं असतं. तो हात धरून बसावं असं फार वाटलं. पण मग उरलेलं खोटं मला रोज खात राहिलं असतं.

म्हणून डिस्कचंही सांगितलं. मानसाने केव्हा सांगितलं, मी तिला काय उत्तर दिलं, तुला काय सांगितलं, सगळं.

तिने हात काढून घेतला. एकेक विचारत गेली.

"मानसा म्हणाली त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं, की यानेच होईल?"

"होईल असं वाटलं होतं."

"दुकानदार गडबडीत होता?"

"घेऊन या म्हणाला होता."

"मी विचारलं, पुन्हा मानसाशी बोललात का..."

"बोललो नव्हतो."

मी म्हटलं, तुझ्याजवळ बसायला मिळत होतं गं, दुसरं काही नव्हतं मनात. ती म्हणाली, "जवळ बसायला डोळे कशाला लागतात? नुसतं येऊन बसायचं होतं."

दोन वर्षांत मला ते सुचलंच नाही. काहीतरी काम हातात असल्याशिवाय मी तिच्या खोलीत गेलोच नाही.

जेवण झाल्यावर म्हणाली, "चैत्राला हे तुम्ही सांगायचं. फोनवर नाही. जाऊन."

२५ फेब्रुवारी

भद्रावतीला जाऊन आलो, दोघं. चैत्राचं घर कागद गिरणीच्या बाजूला आहे. तिच्या आईने चहा केला. मुलगी हडकुळी, मान वाकडी करून ऐकते. मी तिला सगळं सांगितलं, माफी मागितली. रत्ना शेजारी बसून होती, एका शब्दानेही मदत केली नाही.

चैत्राने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, हे मला सांगून काय होणार? मला माहीत होतं की पुस्तकात तसंच आहे. माझ्या वर्गाला सांगा."

तिची आई म्हणाली, असं बोलतात का मोठ्या माणसांशी? रत्ना म्हणाली, "बरोबर बोलतेय ती."

२७ फेब्रुवारी

तिच्या शाळेत गेलो. इतिहासाचे शिक्षक भले गृहस्थ निघाले, मला चार-पाच मिनिटं घ्या म्हणाले. चैत्रा पहिल्या बाकावर होती. रत्ना दाराशी खुर्चीवर.

फळ्यापाशी जाऊन उभा राहिलो. मी म्हटलं, चैत्राच्या पुस्तकात १८४२ असंच लिहिलेलं होतं. तिने वाचलं ते बरोबर वाचलं. चुकीचं मी वाचलं, डोळे असून. मग संगणकाचंही सांगितलं. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "पण तार काढायला काय झालं होतं तुम्हाला?" शिक्षक त्याला दटावणार होते. मी नको म्हटलं.

"तार काढली असती तर माझी गरज संपली असती," मी म्हणालो. "ती संपू नये असं मला वाटत होतं. म्हणून माझी बायको तेवढे दिवस मुकी राहिली आणि तुमच्या मैत्रिणीला तुम्ही हसलात."

कुणी हसलं नाही. शिक्षक चैत्राच्या बाकाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, भुताचं मी बोललो ते चुकलं माझं. ती नुसती मान हलवून उभी राहिली. मला वाटलं आता काही चांगलं बोलेल. ती म्हणाली, "परीक्षा जवळ आली सर. पाठ नीट करून कोण देणार?"

"मी," रत्ना दारातून म्हणाली. "सोमवारपर्यंत."

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा दिली. निम्मा रस्ता झाला तसा तिने तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "तुम्ही बोलत होतात तेव्हा मुलं कशी बघत होती तुमच्याकडे?"

मी सांगितलं. एक मुलगी तोंड लपवत होती ते सांगितलं. शिक्षकांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, ते सांगितलं. मागच्या बाकावरचा मुलगा कसा बघत होता तेही, काही न सुधारता.

"हूं," ती म्हणाली. "पुढं?"